फ्लश अकरा, पक्षी शून्य

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात रफ्ड ग्राउस नावाचा एक पक्षी राहतो. कोंबडीहून लहान, रंग वाळक्या पाचोळ्याचा, वजन फार तर पाऊण किलो. सप्टेंबरच्या मध्यापासून नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत त्याची शिकार करता येते, पण एका माणसाने दिवसाला पाचच मारायचे असा नियम आहे. पहिल्या वर्षी तो वाचून मी हळहळलो होतो. पाचच? सहावा समोर आला तर? आता पाच हंगाम झाले. माझ्या नावावर एकूण दोन पक्षी आहेत, आणि त्यातला एक आपला आहे असं माझ्या शेजाऱ्याचं म्हणणं आहे.

या भानगडीत मला ओढलं ते याच शेजाऱ्याने. सत्तरी ओलांडलेला गडी, दारात कायम चिखलाचे बूट. "ये एकदा," म्हणाला, "जंगलात फिरणं होईल." फिरण्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते हे त्याने नंतर सांगितलं. १९७९ नंतर जन्मलेल्या माणसाला इथे बंदूक-सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. माझा जन्म जानेवारी १९८० चा. आई आजही सांगते की डॉक्टरांनी डिसेंबरची तारीख दिली होती, पण तू मेला आळशी. त्या आळसापायी मी चाळिशीत अकरा-अकरा वर्षांच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसलो. हातात बंदूक असताना तारेचं कुंपण कसं ओलांडाल, असा प्रश्न होता. पोरांनी आधी बंदूक रिकामी करण्यापासून सगळं बरोबर लिहिलं. मी लिहिलं, 'शक्यतो ओलांडू नये.' अर्धा गुण मिळाला.

पोशाखाचाही कायदा आहे. कमरेच्या वर भडक नारिंगी नाहीतर भडक गुलाबी काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हाला पक्षी समजत नाही. मी नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घेतलं. तो फोटो पाहून आईने विचारलं, "वारीला गेलायस होय?"

ग्राउसला मोठं, ऐसपैस जंगल मानवत नाही. त्याला हवं असतं तोडलेल्या जागी दहा-पंधरा वर्षांत दाटीने उगवलेलं अ‍ॅस्पेनचं रान. इथले लोक या झाडाला पॉपल म्हणतात. 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलेल्या भिंतीखालून शाळेत गेलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो की झाडं तोडली म्हणून हा पक्षी टिकला. त्या रानात मनगटाएवढी खोडं इतकी जवळ जवळ असतात की लोकलच्या दारातून आत शिरल्यासारखं आडवं होऊन शिरावं लागतं. खाली रानटी रासबेरीचे काटे, मध्ये पडलेले ओंडके, वरून तोंडावर सपकन बसणाऱ्या फांद्या.

आणि मग तो उडतो. 'उडतो' हा शब्द फारच सौम्य झाला. पायाखाली सुतळी बॉम्ब फुटावा तसा धडाका होतो, काळीज घशाशी येतं, आणि बंदूक खांद्याला लागेपर्यंत त्याने तुमच्या आणि स्वतःच्या मध्ये एक झाड आणून ठेवलेलं असतं. हा योगायोग नाही. मी पाच वर्षं बघतोय.

वेळही तो नेमकी साधतो. शेजाऱ्याचं सूत्र असं: तू चालत राहिलास की तो गप्प बसून राहतो, थांबलास की त्याला वाटतं आपण दिसलो, आणि मग उडतो. गेल्या ऑक्टोबरातल्या एका दिवसाचा हिशेब देतो. एक उडाला बुटाची नाडी बांधताना. दोन उडाले मी ओंडक्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे असताना. एक थर्मासचं झाकण उघडताना. एक तर अशा वेळी की माझे दोन्ही हात गुंतलेले होते आणि बंदूक, पोरांबरोबर शिकल्याप्रमाणे रिकामी करून, बाजूला ठेवलेली होती. जास्त खुलासा करत नाही.

पण संध्याकाळी शेजाऱ्याने वहीत आनंदाने लिहिलं, 'फ्लश अकरा.' फ्लश म्हणजे दडलेला पक्षी उडवणं. या लोकांत किती पक्षी मारले असं कुणी विचारत नाही. तासाला किती उडवले, हे विचारतात. मला हे ओळखीचं वाटलं. आमच्या धाकट्या काकाचं लग्न जमेना तेव्हा आजी पाहुण्यांना असंच अभिमानाने सांगायची, "एकोणीस स्थळं पाहिली." एकोणीस ठिकाणचे कांदेपोहे पोटात गेले, हाती काही नाही, पण आकडा भारदस्त.

तोही कमी भरला तर चक्र असतंच. ग्राउसची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात चढते-उतरते. का, यावर जाणकारांचं एकमत नाही. शिकाऱ्यांचं आहे: नेम चुकला की चक्र उतरतीला असतं. आपल्याकडे जे काम साडेसाती करते ते इथे हे चक्र करतं.

चक्राची सबब चालत नाही ती फक्त बेलापुढे. बेला ही शेजाऱ्याची इंग्लिश सेटर कुत्री. पक्ष्याचा वास आला की ती एक पंजा उचलून पुतळ्यासारखी थबकते. मी पुढे होतो, पक्षी उडतो, मी दोन बार काढतो, चार पिवळी पानं खाली येतात. मग बेला मान वळवून माझ्याकडे बघते. गवयाची सम चुकल्यावर तबलजी बघतो तसं. काही म्हणत नाही. बिदागी ठरलेली असते.

एकदा मी शेजाऱ्यावर छाप पाडायचा प्रयत्न केला. 'स्नाइपर' हा शब्द अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज शिपायांकडून आला, स्नाइप नावाच्या वेड्यावाकड्या उडणाऱ्या पक्ष्याच्या शिकारीवरून. म्हणजे अचूक नेमबाजीचा शब्द आमच्या दलदलीतला, असं मी त्याला सांगितलं. त्याने माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि कॉफी पुढे केली.

माझा तो एक बिनवादाचा पक्षी मी घरी आणला तेव्हा शेजाऱ्याने आधी त्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी उघडून दाखवली. आत क्लोव्हरची हिरवीगार पानं, जशीच्या तशी. आता पुढचा पक्षी कुठे शोधायचा ते कळलं, म्हणाला. मी सुकं खोबरं भाजून काळ्या मसाल्याचा रस्सा केला. बायकोने दोन फोडी खाल्ल्या, चांगलं झालंय म्हणाली आणि पेट्रोल, मोटेल, बूट, काडतुसं यांना त्या दोन फोडींनी भागायला बसली. आई फोनवर म्हणाली, "आपल्याकडं तितर धरला तर आत टाकतात रे." मी म्हटलं, इथे धरता येतो. "मग धर की," आई म्हणाली.

त्या अकरा फ्लशांच्या दिवशी अंधार पडता पडता परत निघालो. बंदुका पिशव्यांत घालून डिकीत ठेवलेल्या. खडीच्या रस्त्यावर वळण घेतलं तर मधोमध एक ग्राउस. हे पक्षी संध्याकाळी खडे टिपायला रस्त्यावर येतात, पोटात दाणा दळायला लागतात म्हणून. शेजाऱ्याने गाडी थांबवली. बसलेल्या पक्ष्यावर बार टाकणं त्याच्या तत्त्वात बसत नाही, आणि माझ्या तत्त्वांना डिकीपर्यंत पोचायला वेळ नव्हता. ग्राउसने निवांत एक खडा घेतला, तो टाकून दुसरा घेतला, मान पुढे-मागे करत रस्ता ओलांडला आणि गवतात शिरला.

मी वही उघडली. "बारा लिहू?"

"नाही," शेजारी गिअर टाकत म्हणाला. "चालत गेला."