मुंबई–न्यूयॉर्क 6 तासांत? मावशीला उपाशी ठेवणारा मेसेज

बीडकडच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. "मुंबईहून न्यूयॉर्क फक्त 6 तास, परत यायला 24! पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना अमेरिकाच विमानाकडे येते. शिवाय भाडं वाढवायला कंपन्या मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात." सोबत तिकिटाचा फोटो.

जूनमध्ये माझा मावसभाऊ पहिल्यांदा तिकडं गेला. विमान रात्री 1 वाजता सुटलं. मेसेज वाचलेली मावशी सकाळी 7 पासून फोन लावत होती. दुपारी मला म्हणाली, "सहा तासाचा रस्ता, अन् बारा वाजले तरी लेकराचा फोन लागंना." देवापुढं दिवा लावून बसलेली, पोटात अन्नाचा कण नाही. लेकरू तेव्हा हवेतच होतं, उतरायला अजून साडेचार तास होते.

तिकिटावरच्या दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांच्या असतात. निघायची वेळ मुंबईची, पोचायची न्यूयॉर्कची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं, हिवाळ्यात साडेदहा. रात्री 1 ला निघून तिथल्या सकाळी 7 ला उतरलं, म्हणजे 6 अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. परतीला दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी आपल्या दुपारी 12 ला मुंबई: 24 वजा साडेनऊ, साडेचौदा तास. म्हणजे जायलाच तासभर जास्त लागला.

इथंच पृथ्वी फिरण्याचा मुद्दाही पडतो. अमेरिका खरंच विमानाकडे येत असती, तर जाणं झटपट झालं असतं. बीडच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगानं फिरते, पण हवाही तिच्याबरोबर फिरते. नाहीतर आपल्या घरांवर एक पत्रा टिकला नसता. धावत्या एसटीत नाणं वर उडवा, ते तुमच्याच हातात पडतं, मागच्या सीटवर नाही. तसंच हे.

फरक पडतो वाऱ्यानं. साधारण 10 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. हिवाळ्यात ते ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातात. आषाढात मोटारसायकलवर बीडहून अहिल्यानगरकडं निघालं की वारा छातीवर येतो, परतताना पाठीवर. विमानाचंही तेच.

आता वळसा. पुतण्याच्या शाळेतला पृथ्वीगोल घेऊन मी मावशीसमोर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला. दोरा अफगाणिस्तान, मॉस्को, नॉर्वे, आइसलँडवरून गेला. मावशीनं दोनदा स्वतः ताणून पाहिला, तरी तिथूनच. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात सौदी, इजिप्त, मोरोक्कोवरून जी रेघ सरळ दिसते, ती भरते सुमारे 14,200. सपाट कागदावर उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट लांबची वाटते.

खरे वळसेही पडतात, हे मान्य. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. पण त्यात जादा इंधन कंपनीचंच जळतं, त्यात तिचा कसला फायदा?

मावसभाऊ आता परत येतोय. त्याची उतरायची वेळ, आपल्या घड्याळाची, मावशीनं कॅलेंडरवर माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलीय.