सुट्टी संमतीवर सोडू नका

देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं, असं इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०२३ साली म्हणाले आणि दाखला दिला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा. २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत बसणार, असंही त्यांनी विचारलं. कोल्हापूरच्या आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तेव्हापासून हा वाद अधूनमधून पेटतोच. निम्मे कारखानदार, निम्मे नोकरदार. "भावा, तू जर्मनीत आहेस, तूच सांग," म्हणून मला मध्ये ओढतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो जर्मनीचा दाखला. युद्धानंतर इथल्या लोकांनी ढोरमेहनत केली, हे खरंच आहे. पण १९५६ च्या कामगार दिनाला इथल्या कामगार महासंघानं एक पोस्टर काढलं. त्यावर लहान मुलाचं चित्र आणि 'शनिवारी बाबा माझे' अशी घोषणा. मागणी होती पाच दिवसांच्या, ४० तासांच्या आठवड्याची. युद्ध संपून तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. साठच्या दशकात धातू उद्योगात ४० तास आले. १९८४ मध्ये ३५ तासांसाठी मोठा संप झाला आणि १९९५ पासून पश्चिम जर्मनीतल्या त्याच उद्योगात ३५ तासांचा आठवडा लागू आहे. ज्या जर्मन मशीनचं कौतुक आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या चालतं, ती याच उद्योगातली. आणि खरं तर दाखल्यासाठी इतक्या लांब यायचीही गरज नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली, ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षं लावून धरल्यामुळं.

मी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात काम करतो. इथला कायदा साधा आहे. दिवसाचे आठ तास. फार तर दहा, पण सहा महिन्यांची सरासरी आठच्या वर जाता कामा नये. आज काम संपल्यापासून उद्या सुरू होईपर्यंत मध्ये अकरा तासांची विश्रांती. मागच्या हिवाळ्यात एका पार्टची चाचणी अडली होती. मी म्हटलं, थांबतो, आजच संपवून टाकू. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, दहा तास भरत आलेत, घरी जा. मी पुन्हा म्हटलं, माझी काही हरकत नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या हरकतीचा प्रश्न नाही. मला तुला थांबवून घेता येत नाही."

या वादात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. काम आणि घर यांचा मेळ घालणं ही ज्याची त्याची शिस्त आहे, असं आपण धरून चालतो. पहाटे उठा, योगा करा, मोबाइल बाजूला ठेवा. पण शेजारच्या टेबलावरचा रात्री नऊपर्यंत बसत असेल, तर सहाला उठून जाणारा शिस्तीचा ठरत नाही, कामचुकार ठरतो. राजीखुशीनं जास्त थांबणाऱ्यालाही कायदा थांबवतो, तेव्हाच न थांबणाऱ्याला अभय मिळतं.

आता आपल्याकडचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती हवी. कागदावर हे वाईट दिसत नाही. बारा-बारा तासांचे चार दिवस आणि मग खरोखर तीन दिवस सुट्टी मिळणार असेल, तर अनेकजण आनंदानं घेतील.

माझा मावसभाऊ कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, भट्टीवर आहे, कंत्राटी. बारा तास तो आजही भरतोच, तेही सहा दिवस. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, त्याला मिळतो सिंगल. संमतीचं विचारलं तर म्हणाला, "दादा, सही न करून जातोय कुठं?"

ग्रुपवरच्या कारखानदार मित्रांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ऑर्डर एकदम येते, माणसं मिळत नाहीत, विजेचं बिल छाती दडपवणारं. ते स्वतःही रात्री दहापर्यंत शॉपवर असतात. पण बाराव्या तासाला वितळलेल्या लोखंडाजवळ कोण उभा असतो, हेही त्यांना ठाऊक आहे.

जर्मनीत सगळं गोड आहे, असं नाही. इथं माझ्याकडं संध्याकाळ असते, पण ती घालवायला माणसं नसतात. बाबा कोल्हापुरात दवाखान्यात होते, तेव्हा मी इथं विमानाचं तिकीट शोधत होतो आणि शिवाजी पेठेतली आमच्या तालमीची पोरं आळीपाळीनं रात्री त्यांच्या उशाशी थांबली. शेजारच्या काकू दोन्ही वेळा डबा देत होत्या. असली माणुसकी पैसे टाकून मिळत नाही. पण त्या पोरांत बारा तासांच्या शिफ्टवाला एकही नव्हता. असूच शकला नसता. तालीम, मंडळ, शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची गर्दी, ज्या कोल्हापूरचा आपल्याला अभिमान आहे, ते सगळं लोकांच्या मोकळ्या तासांवर उभं आहे.

आणि ते मोकळे तासही बहुतेक पुरुषांचेच. २०२४ च्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. बँकेत नोकरी करणारी माझी वहिनी सहाला घरी येते आणि थेट ओट्यापाशी उभी राहते. ९० तासांच्या गप्पा मारणाऱ्याच्या घरी असं कुणीतरी राबत असतंच.

इथंही दिवसाची मर्यादा काढून फक्त आठवड्याची ठेवावी, असा विचार २०२५ मध्ये आलेल्या सरकारनं मांडला आहे आणि संघटना त्याला विरोध करताहेत. भांडण इथंही मिटलेलं नाही.

आपल्याकडं एका ठिकाणापासून सुरुवात करता येईल. कंत्राटी असो वा कायम, प्रत्येकाच्या पगारपत्रकावर ओव्हरटाइमचे तास आणि त्याचा दर वेगळा छापून यावा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कामगार संघटनांनी आधी एवढं लावून धरावं, आणि ग्रुपवरच्या माझ्या मित्रांनी ते मागणी यायच्या आधीच आपल्या कारखान्यात सुरू करावं.