वेबसाईट, मी आणि आमचा घसारा

यंदा ठरवलं की वेबसाईटचा सगळा खर्च दाखवायचा, तेवढाच टॅक्स वाचेल. सीए मॅडमना एका ओळीत लिहून पाठवलं, 'वेबसाईट' आणि पुढे आकडा. पाच मिनिटात फोन. "डोमेन, म्हणजे साईटचं नाव, ते वेगळं, होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा, ते वेगळं, डिझाईन वेगळं लिहा. आणि बिलं कुठायत?"

मग दोन रात्री नुसते मेल उपसत बसलो. होस्टिंगचं बिल स्पॅममध्ये सापडलं, एसएसएलचं (साईटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट) अशा मेल आयडीवर ज्याचा ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर आता भलत्याच कोणाकडे आहे. डिझाईन भाच्याने केलेलं, त्याला बिल माग म्हटलं तर म्हणतो, "मामा, आधी पैसे तर द्या!" डोमेन मात्र उत्साहाच्या भरात एकदम 10 वर्षांचं घेतलंय, त्याहून जास्त एका वेळी देत नाहीत म्हणून, नाहीतर 50 चं घेतलं असतं.

मॅडम म्हणाल्या, होस्टिंग, रिन्यूअल, किरकोळ दुरुस्ती हा सहसा चालू खर्च, त्याच वर्षी वजा होतो. पण साईट ऑर्डर घेत असेल, पेमेंट घेत असेल तर ती मालमत्ता धरतात आणि दरवर्षी थोडा थोडा घसारा मिळतो, म्हणजे किंमत एकदम नाही, हप्त्याहप्त्याने वजा होते. मालमत्ता म्हटल्यावर मी उगाच सावरून बसलो.

"तुमची साईट ऑर्डर घेते?"
"नाही."
"मग करते काय?"
"फोन नंबर दाखवते." तोच, जुना.

तर म्हणे अकाउंटिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 2002 पासून वेबसाईटसाठी वेगळा खुलासाच आहे, एसआयसी 32 नावाचा, त्यात लिहिलंय की साईट नुसती आपल्याच मालाची जाहिरात करत असेल तर तिच्यापासून पुढे फायदा होईल हे दाखवता येत नाही, सबब सगळा पैसा सरळ खर्चात टाका. टॅक्सचा कायदा देशोदेशी वेगळा, ते सोडा, पण हेच वाक्य बायको तीन वर्षं कुठलाही नियम न वाचता बोलतेय.

त्याच होस्टिंगवर आमच्या ट्रिपचे फोटो पण आहेत, हे मी सांगणार नव्हतो (खाजगी वापराचा हिस्सा वजा होत नाही, एवढं मलाही कळतं). पण मॅडमनी फोनवर बोलता बोलता साईट उघडलीच. "हे समुद्रात उभे तुम्हीच का?"

मी साईटवर किती जण आले ते मोजणारा काउंटर बघत होतो. महिन्यानंतर एकाने वाढला होता.