अमेरिकेचा दाखला देऊ नका

रोहित शर्माचं एकदिवसीय कर्णधारपद काढून शुभमन गिलला दिलं ते ऑक्टोबर 2025 मध्ये. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र त्याचा धुरळा अजून उडतोच आहे. आणि दादरचा एक मित्र दर वेळी तेच ऐकवतो: "तुमच्या अमेरिकेत असले लाड नसतात. खेळ संपला की नारळ!"

लाड नसतात? मी न्यू जर्सीत राहतो. न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं मैदान इथेच आहे (नावात न्यूयॉर्क, खेळायला न्यू जर्सी). ईलाय मॅनिंग त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची प्रत्येक चढाई ज्याच्या हातून सुरू होते तो. दोन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकून दिलेला माणूस. 2017 मध्ये संघ धडाधड हरत असताना प्रशिक्षक बेन मॅकाडूंनी त्याला बाकावर बसवलं, सलग 210 सामने सुरुवातीपासून खेळण्याची त्याची मालिका तुटली आणि गावभर बोंब झाली. सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी नारळ मिळाला, पण मॅकाडूंना! जोडीला जनरल मॅनेजरलाही.

2019 मध्ये पुन्हा तोच प्रसंग. पहिले दोन सामने हरल्यावर डॅनियल जोन्स या नवख्याला उतरवलं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याचं नाव पुकारलं तेव्हा चाहत्यांनी हुर्यो उडवली होती. टँपाविरुद्ध मध्यंतरापर्यंत 28-10 असा मार खाल्लेला संघ त्याने 32-31 असा जिंकवला, शेवटचा टचडाउन (इथला गोल म्हणा) स्वतः पळून केला, आणि हुर्यो करणारे रातोरात भक्त झाले. मॅनिंग राखीव म्हणून संघातच राहिला. जोन्स जखमी झाला तेव्हा डिसेंबरात मायामीला हरवलं ते त्यानेच. तो सामना संपत आला तेव्हा मॅनिंगला मुद्दाम बाहेर बोलावलं, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

फरक आहे तो हिशेबात. इथे संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. ड्राफ्टमधला पोरगा पहिली चार वर्षं स्वस्तात मिळतो, त्याला बाकावर ठेवणं परवडत नाही. बीसीसीआयला असली कुठली घाई? आणि घाई करून तरी काय साधलं? 2024 मध्ये जोन्सलाही बसवलं, आणि त्याच आठवड्यात तो संघाबाहेर पडला.

रोहितला काढण्याचं कारण निवड समितीतर्फे अजित आगरकरांनी सांगितलंय: क्रिकेटच्या तीन प्रकारांना तीन कर्णधार चालवणं जवळपास अशक्य. भांडायचं तर त्यावर भांडा. रोहितच्या नेतृत्वाखाली चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून सात महिनेही झाले नव्हते, त्यामुळे मला ते अजिबात पटलेलं नाही.