पंधरा दिवसांत युरोपात सेटल म्हणे!

सकाळी फॅमिली ग्रुपवर मामाने एक रील टाकलं. एक पोरगा नदीकाठी लॅपटॉप घेऊन बसलाय, हातात कॉफी, आणि सांगतोय, 'रिमोट जॉब आहे? मग पंधरा दिवसांत युरोपात सेटल व्हा!' त्याच्या मागचा पूल माझ्या ओळखीचा. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचा दों लुईस पूल, 1886 सालचा, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. खाली मामाने लिहिलंय, 'आमची भाची बघा, अशीच मजेत बसलेली असते.' त्यावर चार अंगठे, आणि काकूचा प्रश्न, 'आम्हाला कधी बोलावतेस?'

ग्रुपवर मी काही बोलले नाही. इथे बोलते. मामा फेसबुकवर नाही.

मुळात त्या नदीकाठी बसून काम होत नाही. ऊन पडलं की स्क्रीन दिसत नाही आणि ऊन नसलं की पाऊस असतो. मी चिपळूणची आहे, पावसाचं कौतुक मला सांगू नका. पण आपल्याकडे पाऊस पडतो तेव्हा निदान गारठत तरी नाही. इथल्या जुन्या घरांना हीटिंग नाही. जानेवारीत घरात तेरा डिग्री होतं, मी कानटोपी घालून मीटिंगला बसायचे आणि कॅमेरा बंद ठेवायचे. कपाटात टांगलेल्या रेशमी साडीवर हिरवी बुरशी आली. ओल शोषणारं यंत्र आणलं, त्यात रोज दोन लिटर पाणी साठतं. हे रीलमध्ये का नाही दाखवत रे बाबा?

आणि पंधरा दिवस! कागदपत्रं जमवण्यातच माझे चार महिने गेले. डी-एट, म्हणजे रिमोट काम करणाऱ्यांचा पोर्तुगालचा व्हिसा, त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवायची. मी अर्ज केला त्या वर्षी, 2024 मध्ये, किमान वेतन 820 युरो होतं, म्हणजे महिना 3280. आधी टॅक्स नंबर, मग बँक, मग घराचा करार. घर न बघता करार! त्या नऊ आकडी टॅक्स नंबराचं तर इतकं, की पाव घ्यायला गेलं तरी गल्ल्यावर विचारतात, 'कोंत्रिबुइंत?' आईचा मोबाइल नंबर मला पाठ नाही, हा आहे.

बरं, मिळाला व्हिसा. नशीब माझं, मान्य. पण सेटल?

मागच्या जानेवारीत मला ताप आला. तीन दिवस. पहिल्या दिवशी मी मीटिंगला बसले, कारण आपण घरूनच तर करतो, त्यात काय. दुसऱ्या दिवशी 'जरा बरं नाही' असा मेसेज टाकला, त्यावर कुणीतरी हृदय लावलं. तिसऱ्या दिवशी काहीच टाकलं नाही. लॅपटॉप चालूच राहिला असावा, माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका काही विझला नव्हता. अमेरिकेतल्या माझ्या आठ सहकाऱ्यांच्या लेखी मी तीनही दिवस हजर होते.

चौथ्या सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी. वय ऐंशीच्या आसपास, काळा स्वेटर, हातात झाकण लावलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. तोवर आमचं बोलणं म्हणजे जिन्यात 'बों दिया', बस. त्यांनी बोटाने वर दाखवलं, मग पावलं टाकल्याची खूण केली, मग मान हलवली. म्हणजे तीन दिवस वर पाय वाजले नाहीत. लाकडी जमीन, माझी रोजची ये-जा त्यांना खाली ऐकू येते. माझ्याबद्दल या शहरात कुणाला काही माहीत असेल तर ते एवढंच, पावलांचा आवाज.

मी 'हे काय?' असं तोंड केलं. त्या म्हणाल्या, 'कांझा.'

तापात मला वाटलं, बाई कांजी म्हणतेय. झाकण काढलं तर कोंबडीचं पातळ सूप आणि त्यात भाताची शितं. पेजच ती, फक्त कोंबडीची! आणि शब्दही खरंच आपल्याकडचाच. आपल्याच किनाऱ्यावरून, दक्षिणेतून, पोर्तुगीजांनी कांजी नेली, तिची इथे कांझा झाली आणि आजारी माणसाला पाजायचं काम तिने सोडलं नाही. बटाटा, पाव, चावी, बादली, इस्त्री, पगार हे शब्द त्यांनी आपल्याला दिले म्हणून शाळेत घोकलं होतं. आपण काय दिलं ते कुणी शिकवलं नव्हतं. मी दारात उभी राहून रडले. आजींनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि गेल्या, रडणाऱ्या बाईचं काय करायचं त्यांना सुचलं नसावं.

बरं वाटल्यावर म्हटलं, सरकारी आरोग्य केंद्रात नाव तरी नोंदवावं. तिथे रहिवासाचा दाखला मागितला. तो मिळतो जुंता द फ्रेगेझियामध्ये, आपली ग्रामपंचायत समजा. तिथल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, दोन साक्षीदार आणा, याच भागातले मतदार, जे सांगतील की ही इथे राहते.

दोन!

मी बाकावर बसून विचार केला. शहरात येऊन साडेतीन महिने झालेले. ऑफिस असतं तर शेजारच्या टेबलावरच्या दोघांना उठवून आणलं असतं. रिमोटवाल्याला शेजारचं टेबल नसतं. माझे सहकारी न्यू यॉर्कच्या नऊ ते पाचमध्ये राहतात, म्हणजे माझे दुपारी दोन ते रात्री दहा. पोर्तुगीजांचं भेटणं-बोलणं-जेवणं सगळं नेमकं त्याच वेळात. परदेशातून आलेल्यांसाठी भाषेचे वर्ग आहेत, फुकट आहेत, चांगले आहेत, आणि माझ्या भागातले संध्याकाळी सात वाजता आहेत. सातला माझा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग असते. कायमचं राहायचं तर ए-टू पातळीची, म्हणजे कामापुरती पोर्तुगीज यायला हवी, आणि मी ती मोबाइलवर एका ॲपकडून शिकतेय, जे मला 'कासव सफरचंद खाते' शिकवतं.

जेवण घेऊन येणारा नेपाळी पोरगा माझ्याहून वर्षभर आधी आलेला. तो फाड फाड पोर्तुगीज बोलतो. रस्त्यात त्याला दहा माणसं हाक मारतात. त्याला सगळे 'इमिग्रांत' म्हणतात, तेही नाक मुरडून, आणि मला म्हणतात 'डिजिटल नोमॅड'. त्याला कालपर्यंत आठ जणांत एक खोली होती, दिवसभर पावसात सायकल. माझी गादी मऊ आहे, मला माहीत आहे. पण या गावात राहतो कोण, तो की मी? मीही इमिग्रंटच आहे, माझ्याकडे फक्त खुर्ची बरी आहे. तो नोमॅड शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. भटक्या जमाती म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको.

आणि हो, भाडी आमच्यासारख्यांमुळे चढली. चढली. आमच्या गल्लीत चार दारांवर पर्यटकांच्या भाड्याच्या घरांची 'ए एल' पाटी आहे, त्यातल्या एका घरात आजींची बहीण राहायची. आजींनी हे मला दोनदा सांगितलंय, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत.

तर साक्षीदार. एक आजी. दुसरा कोपऱ्यावरचा कॅफेवाला, ज्याला माझ्याबद्दल माहीत होतं ते एवढंच की ही कॉफीत साखर दोनदा घालते. आजींनी स्वेटरवर कोट चढवला, पर्स घेतली, ओळखपत्र रुमालातून काढलं. खिडकीपाशी त्या बरंच काही बोलल्या, मला कळलं फक्त 'मेनीना' आणि 'फेब्र'. मुलगी आणि ताप. रहिवासाचा पुरावा म्हणून त्यांनी माझा ताप सांगितला बहुतेक. शिक्का बसला.

मामा, हे झालं त्या दिवशी मी इथे राहायला आले. व्हिसा त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

चिडून लिहायला बसले होते, आता तेवढी चीड राहिली नाही. त्या रीलवाल्या पोराचंही वाईट वाटायला लागलंय, तोही कॅमेरा बंद केला की एकटाच कॉफी पीत असणार. (नसेलही. दिसत तरी मजेत होता.) आणि काकू, या. खरंच या. फक्त डिसेंबर-जानेवारीत नको, आणि येताना कोकम आणा.

ते पातेलं मी तेव्हा घासून परत द्यायला निघाले आणि जिन्यात थांबले. रिकामं भांडं परत कसं देणार? परत वर आले, शिरा केला, त्यात भरून दिला. आजींनी बोट घालून चाखला, 'मुइतु दोस' म्हणाल्या, फार गोड. चार दिवसांनी पातेलं वर आलं, कोबीचं सूप घेऊन. मग खाली उपमा. त्याला वर्ष होऊन गेलं, ते पातेलं कुणाच्याच घरी आठवड्यावर राहिलेलं नाही. कालपासून माझ्याकडे आहे.

आता पाऊण वाजलाय, दोनला मीटिंग. घरात बघितलं तर बटाटेच आहेत. फोडणीला टाकते. मोहरी तडतडली की आजी खालून ओरडून विचारतील काय करतेस, आणि या एका प्रश्नाचं उत्तर मला ॲपशिवाय येतं.

'बताता!'