समाधान त्यांना, समृद्धी आपल्याला

गोव्यात राहून तुम्ही अजून आध्यात्मिक झाला नसाल तर चूक तुमचीच आहे. मांद्रे, हरमल, आसगाव कुठेही जा, दर दुसऱ्या बंगल्यात कोणीतरी श्वास आत घेतंय, बाहेर सोडतंय आणि त्याची फी भरतंय, आणि तुम्ही आपले फोंड्याच्या मार्केटात बांगड्याच्या भावावरून हुज्जत घालताय. कसं व्हायचं तुमचं?

आधी पेपर वाचणं बंद करा. 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे 40 टक्के संपत्ती होती, असलं काहीतरी हे अर्थशास्त्रज्ञ लोक काढतात आणि सकाळी सकाळी आपली ऑरा खराब करून ठेवतात. नीट विचार करा हो, एवढी सगळी मोहमाया त्या बिचाऱ्या 1 टक्क्याने अंगावर घेतली म्हणून बाकीच्यांचा परमार्थाचा रस्ता मोकळा झाला ना! त्यांचे आभार मानायचे सोडून लोक वेल्थ टॅक्स मागतात.

आता जमीन. तुम्ही भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या घरातले असाल आणि भाटात, म्हणजे तुमच्या बागायतीत, एखादं मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याचं) घर असेल, तर अध्यात्म तुम्हाला फार म्हणजे फारच कामाला येईल. 1975 चा मुंडकार कायदा म्हणतो की मुंडकाराला राहतं घर आणि आजूबाजूची जागा, गावात असेल तर 300 चौरस मीटरपर्यंत, विकत घेता येते. कायदा म्हणतो, म्हणू दे. मामलेदाराकडे तारखा पडत राहतात, आज साहेब मीटिंगला, पुढच्या वेळी वकील आजारी, मग इलेक्शन ड्युटी, आणि अर्ज केलेला म्हातारा फोटोत जाऊन त्याचा मुलगा तारखांना यायला लागतो. या काळात तो कधी तुमच्या दारात आलाच तर त्याला प्रेमाने बसवा, चहा द्या आणि सांगा, बाबा रे, जमीन कोणाचीच नसते, आपण सगळे इथे चार दिवसांचे पाहुणे. फक्त हे वाक्य सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात चुकूनसुद्धा बोलू नका.

मग तेच भाट दिल्लीच्या पार्टीला द्या. ती पार्टी तिथे रिट्रीट काढणार, म्हणजे मातीच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, पंखा नाही, उघड्यावर न्हाणी आणि तांब्याच्या भाणात तापवलेलं पाणी. पलीकडे मुंडकाराचं घरही मातीचंच, पण ते बेकायदेशीर, हे इको-लक्झरी. त्याने पावसाआधी गळकी कौलं काढून पत्रे घालायला घेतले की तुमची हरकत पंचायतीत, इथे मात्र गळकं छप्पर म्हणजे निसर्गाशी नातं, आणि त्याचा रेट वेगळा. सारवायला कोण येणार? मुंडकाराचीच सून, दुसरं कोण! ती बिचारी पदर खोचून, उकिडवी बसून, हाताचा पंजा अर्धगोल फिरवत मागे मागे सरकत असते आणि एक पाहुणी मोबाईल धरून हळूच विचारते, दीदी, हे करताना तुम्हाला आतून काय फील होतं? दीदी सांगते, गुडघे दुखतात. पाहुणीला ते फार खोल वाटतं. (संध्याकाळी घरी जाऊन ही दीदी आपल्या टाइल्सच्या फरशीवर पाय पसरते, हे रीलमध्ये येत नाही, आणि येऊही नये.)

रिट्रीटला तुम्ही पण जाऊन या एकदा. तिथे शिकवतात की पैसा ही ऊर्जा आहे, ती वाहती पाहिजे. ऊर्जा वाहते हे खरंच आहे, फक्त चढाच्या दिशेने. तीच ऊर्जा वेटरने ओव्हरटाइमच्या रूपात मागितली तर त्याला फळाची अपेक्षा न ठेवता काम करण्याबद्दल सांगा. घरची कामाची बाय चवथीला पगार वाढवून मागेल तेव्हा तिला एक कृतज्ञतेची डायरी आणून द्या, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिही म्हणावं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2000 मिळतात त्यात तिची सासू जगतेच आहे की, बघा मिनिमलिझम!

आपल्या देवळांचंही शिकण्यासारखं आहे. देवळाचे महाजन, म्हणजे कारभाराचा हक्क असलेले मानकरी, कोण हे अजून 1933 च्या पोर्तुगीज रेग्युलामेंतावर, म्हणजे नियमावलीवर चालतं. पोर्तुगीज 1961 ला गेले, नियम राहिला, कारण शरीर नश्वर आणि आत्मा अमर. महाजनकी जन्मावर, आणि पिढ्यानपिढ्या दिवटी कोणी धरायची, सनई कोणी वाजवायची तेही जन्मावरच, त्यामुळे देवासमोर कधी धक्काबुक्की झाली नाही, ज्याची त्याची जागा ठरलेली.

खाणीवाल्यांचा आदर्श तर ठेवावाच. 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2007 नंतरचं खाणकाम बेकायदेशीर होतं, आणि पुढच्या पिढ्यांसाठी खनिज विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमच्या फंडात टाका. पुढच्या पिढीला काय कळतंय पाप-पुण्यातलं? त्यापेक्षा सभामंडप बांधा, नाव संगमरवरात येतं आणि लगेच येतं. डिचोलीतल्या शिरगाव-मुळगावचे लोक बघा, आमची घरं, शेतं, देवळं खाणीच्या लीजमधून वगळा म्हणून ओरडत बसले. अहो, देवळं लीजमध्ये असून देव कधी कोर्टात गेला का? हे समत्व भक्तांना का जमू नये?

एवढं सगळं झालं की दान करा. पण दान करताना भावनेच्या भरात जाऊ नका, गुरूपेक्षा सीएला विचारा. टॅक्समध्ये सूट देणारी, 80जी म्हणतात ती पावती मिळते का ते आधी बघा. नवीन टॅक्स रेजिममध्ये ही सूट नाही, त्यामुळे ज्याला परमार्थ करायचाय त्याने जुन्या रेजिममध्ये राहावं हे बरं. आणि रोख देऊ नका हो, 2000 च्या वर रोख दिलंत तर नुसतं पुण्य मिळतं, सूट मिळत नाही.