फ्लेक्सवरचा माणूस 'फराळाला या' म्हणत नाही

आमच्या फाट्यावर काल परत एक फ्लेक्स लागला. दहा बाय वीसचा तरी असेल. मधे एक मोठा फोटो, गॉगल लावून फोन कानाला धरलेला, वर साहेब लोकांची गोल गोल डोकी, खाली पासपोर्ट साईजच्या पोरांच्या तीन लायनी आणि मग 'समस्त ग्रामस्थांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'. पणती कुठंय म्हणून शोधली तर कोपऱ्यात, ती पण साहेबांच्या कोपराआड निम्मी झाकलेली.

आता आधीच सांगून टाकतो, मी काय लई धुतल्या तांदळाचा नाही. चार वर्षांपूर्वीच्या फ्लेक्सवर मी पण होतो, दुसऱ्या लायनीत डावीकडून पाचवा. पोरं म्हणली वर्गणी द्या, दिली. आईनं मुद्दाम गाडीवरून फाट्यावर न्यायला लावलं, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, फोटो काढायच्या आधी केस तरी विंचरायचे. पण खूश होती, खोटं कशाला बोलू. माणसाला आपलं तोंड मोठं झालेलं बघायला आवडतं, त्यात पोरांचा काय दोष.

माझं म्हणणं वेगळंय. या शुभेच्छा नक्की कुणी कुणाला दिल्या? देणाऱ्याचं नाव, पद, फोटो, सगळं आहे. घेणारा कोण तर 'समस्त'. माझी चुलती त्या फाट्यावरून रोज वैरण घेऊन येते, तिला विचारलं काकी तुला शुभेच्छा मिळाल्या का, तर म्हणते कसल्या रे?

आणि खरं बघितलं तर दिवाळीला 'शुभेच्छा' हा शब्द आमच्या गावात कुणाच्या तोंडात नव्हताच. दसऱ्याला आपट्याचं पान हातात देऊन 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा', संक्रांतीला 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. दोन्हीकडं आधी हातात काहीतरी पडतं आणि मग बोलणं येतं. दिवाळीला तर असं ठरलेलं वाक्यच नाही. दारावरून जाणाऱ्याला ओट्यावरून हाक यायची, 'ओ, या की फराळाला'. बस, हीच शुभेच्छा. नाही म्हणलं तर जबरदस्ती, आणि गेलं तर ताट पुढं. आणि शेजारणीकडून आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. भांडण असलेल्या दोन घरांची बोलणी त्या ताटामुळं चालू झालेली मी बघितलीत (एका घरात परत बंद पण झाली, शंकरपाळ्या कडक निघाल्या म्हणून, ते सोडा). व्हॉट्सॲपचं तर बोलायलाच नको, भिंतीला भिंत लागून घर आणि पहाटे साडेपाचला मला फिरत्या पणतीचा व्हिडिओ पाठवतोय, अरे हाक मार ना.

कायद्याचं म्हणाल तर कायदे भरपूर आहेत. मालमत्ता विरूपणाचा, म्हणजे भिंती-खांब विद्रूप करू नका सांगणारा कायदा १९९५ चा. आपल्याच साताऱ्याची सुस्वराज्य फाउंडेशन ही संस्था २०११ ला मुंबई हायकोर्टात गेली आणि जानेवारी २०१७ ला कोर्टानं बेकायदा होर्डिंगवर सविस्तर निकाल दिला. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरला देशभर बंदी आहे, सजावटीच्या थर्माकोलला पण. प्रिंटवाला छातीवर हात ठेवून सांगतो आपला माल जाड असतो. मोजणार कोण? पण फाट्याच्या वळणावर फ्लेक्स बांधला की समोरून येणारा ट्रॅक्टर दिसत नाही हे तर मायक्रॉन न मोजता कळतं ना. निवडणूक जवळ आली की वळणाच्या दोन्ही बाजूंना दोन पार्ट्यांचे, म्हणजे मग काहीच दिसत नाही.

याच्या उलट अंगण. लहानपणी वसुबारसेपासून आई आणि काकी रोज सकाळी शेणाच्या गवळणी घालायच्या. तळहाताएवढ्या बाया, कुणाच्या डोक्यावर घागर, कुणी जात्यावर, कुणी ताक घुसळतेय, आणि पाडव्याला मधे बळीराजा, प्रत्येकाच्या डोक्यात झेंडूचं फूल खोवलेलं. पावसाळ्यानंतर जमीन चोपून सारवलेली असायची आणि त्या हिरवट काळ्या सारवणावर पांढरी रांगोळी काय उठून दिसायची. आम्हा पोरांचा किल्ला बाजूला. विटा, दगड, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप आणि हाळीव पेरायचे. पाणी जास्त झालं की बुरूज खचायचा आणि महाराज सिंहासनासकट तटाखाली, मग ज्यानं पाणी घातलं त्याला मार. आकाशकंदील कामट्यांचा, खळ लावून चिकटवलेला, त्यात साधा पिवळा बल्ब, आणि एखादी बाजू कायम वाकडी. माझा सलग तीन वर्षं वाकडाच झाला, चुलता म्हणायचा हा कंदील आहे का कोंबड्यांचं खुराडं.

यात एक मजा होती. येणारा जाणारा थांबायचा. 'गवळणीचं नाक मोडलंय गं', 'किल्ल्याला चोरवाट कुठाय रे', 'कंदील फिरव तिकडं'. नाव ठेवायला थांबलेला माणूस फराळ करूनच जायचा. एलईडीच्या माळेला कोण काय नाव ठेवणार, सगळ्यांची सारखीच.

आता अंगणात पेव्हर ब्लॉक. मीच बसवलेत. चिखल नको, गाडी लावायला जागा पाहिजे, म्हैस विकली त्यामुळं शेण पण नाही. गेल्या वर्षी मी घरात भाषण दिलं की परंपरा चालली, गवळणी घालायला पाहिजेत, तर बायको म्हणाली, बरोबर आहे, शेण आणा आणि तुम्ही सारवा, मी फोटो काढते. मी गप्प. पहाटे चारला उठून सारवण करणाऱ्या बाईला ती सुंदर परंपरा किती सुंदर वाटायची हे मी आईला कधी विचारलं नव्हतं. या दिवाळीत विचारलं. ती म्हणाली, कंबर जायची, पण चौघीजणी मिळून असायचो ना.

तर किल्ला मात्र पोराबरोबर ब्लॉकवरच केला, खाली ताडपत्री टाकून. ब्लॉक खराब झाले. होऊ देत.

फ्लेक्सचं पुढं काय होतं ते पण सांगतो. महिनाभरात तो उतरतो आणि मग खऱ्या कामाला लागतो. कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या आडोशाला, कांद्यावर. मागच्या हंगामात आमच्या उसाला बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी आली होती, त्यांच्या एका कोपीला, म्हणजे झोपडीला, असाच फ्लेक्स लावलेला, उलटा, म्हणजे साहेबांचे पाय वर आणि 'हार्दिक शुभेच्छा' खाली जमिनीला टेकलेलं. कोपीपुढं हातभर जागा झाडून घेतलेली आणि तिथं चुलीतल्या राखेनं चार ठिपक्यांची रांगोळी. मी तोडीचं विचारायला गेलो होतो. ती बाई नुकतीच फडातून आलेली, हाताला उसाचं कूस लागलेलं, तरी म्हणाली, बसा ना भाऊ, च्या ठेवते. बसलो. कोरा चहा होता, गूळ जास्त पडलेला.

आज सकाळी पुतण्याचा फोन, काका यंदाच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो टाकू का, पहिल्या लायनीत जागा आहे. म्हणलं फोटो राहू दे, उतरवल्यावर कापड तेवढं मला दे, गंज उघडी पडलीय. आणि संध्याकाळी घरी ये फराळाला, चकल्या मऊ पडल्यात पण चिवडा बरा झालाय.